दुःखातल्या माणसाकडे कुत्रं घेऊन जाताना: थेरपी डॉगच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

"आमचा ब्रूनो इतका प्रेमळ आहे की कुणीही आलं तरी अंगावर उड्या मारतो. त्याला थेरपी डॉग करता येईल का?"

या कामाची चौकशी करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असाच असतो. उड्या मारतोय तोवर नाही, हे त्याचं सरळ उत्तर. पण उड्या थांबवणं हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग लीशच्या, म्हणजे कुत्र्याच्या पट्ट्याच्या, दुसऱ्या टोकाला असतो. रडणाऱ्या माणसाशेजारी गप्प बसता येणं, आपलं कुत्रं वैतागलंय हे इतरांच्या आधी ओळखणं, आणि दारात पोचल्यावरसुद्धा "आज नको, परत जातो" असं म्हणता येणं, या गोष्टी कुत्र्याला नाही, आपल्याला शिकाव्या लागतात. मी भुरीला, म्हणजे आमच्या गावठी कुत्रीला, घेऊन पुण्यात हे काम करते. नव्याने येणाऱ्यांना जे सांगते, ते इथे सलग लिहिते आहे.

आधी गोंधळ दूर करू

थेरपी डॉगची गल्लत दोन वेगळ्या प्रकारांशी होते. सर्व्हिस डॉग एकाच माणसासाठी काम करतो. अंध व्यक्तीला रस्त्याने नेणं हे त्याचं ओळखीचं उदाहरण. इमोशनल सपोर्ट ॲनिमल म्हणजे ज्याच्या सोबतीने मालकाला स्वतःला बरं वाटतं असा घरचा प्राणी. त्याला वेगळं प्रशिक्षण लागत नाही. अमेरिकेत या नावाखाली लोक विमानात वाटेल ते प्राणी आणू लागले, तेव्हा तिथल्या परिवहन खात्याने डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलून विमान कंपन्यांवरची ते नेण्याची सक्ती काढून टाकली. थेरपी डॉग या दोघांहून वेगळा. तो आपल्या घरी आपल्याबरोबर राहतो, ठरलेल्या वेळी आजारी, एकट्या किंवा दुःखातल्या अनोळखी लोकांना भेटतो आणि परत येतो.

आघातानंतरच्या पहिल्या दिवसांत लोकांजवळ जाऊन बसणारी कुत्री ही याच्या पुढची पायरी. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूटाउन गावी सँडी हूक शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर इलिनॉयमधल्या एका चर्च संस्थेने आपले गोल्डन रिट्रीव्हर तिथे पाठवले. मुलं बोलायला तयार नव्हती तरी कुत्र्यांपाशी बसत होती. मात्र तिथे गेलेली कुत्री कालपरवा तयार झालेली नव्हती. नवख्या जोडीने वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा, कॉलेज अशा शांत ठिकाणी निदान वर्षभर काम करावं आणि मगच अशा प्रसंगांचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे थेरपी डॉगसाठी सरकारी परवाना नावाची गोष्ट नाही. त्यामुळे पैसे भरून घरपोच मिळणारी प्रमाणपत्रं आणि "थेरपी डॉग" छापलेली जॅकेटं यांना काही अर्थ नाही. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला मात्र हवाच.

कुत्र्याने नेमकं काय होतं

न्यूयॉर्कमधले बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा एकदा योगायोगाने खोलीत होता आणि मिटून गेलेलं एक मूल त्याच्याशी बोलू लागलं. लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये त्यावर लेख लिहिला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांची थट्टाच केली. २०१९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २४९ विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतरांपेक्षा कमी आढळलं. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या २०१२ सालच्या अभ्यासात १८ कुत्र्यांसमोर माणसं कधी रडली, कधी गुणगुणली. बहुतेक कुत्री रडणाऱ्याकडे गेली, मग ते माणूस अनोळखी का असेना.

एवढं नक्की. याच्या पुढे जाऊन "कुत्र्याने डिप्रेशन बरं होतं" वगैरे कुणी सांगू लागलं, तर मान डोलवून विषय बदला. कुत्रं माणसाला थोडं शांत करतं, इतकं की त्याला श्वास घेता येतो, पाणी पिता येतं, कदाचित बोलता येतं. उपचार त्यानंतर सुरू होतात आणि ते माणसं करतात.

पहिली पायरी: कुत्र्याकडे तटस्थपणे बघा

वय किमान एक वर्ष, आणि तुमच्या घरी येऊन किमान सहा महिने झालेले असावेत. जातीचा आग्रह नको. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन लोकप्रिय आहेत, कारण ते माणसांत रमतात आणि दिसायला भीतीदायक नसतात. पण आपल्या उन्हात त्यांची धाप लागते, आणि उन्हाळ्यात गावठी कुत्रं त्यांच्यापेक्षा जास्त वेळ ताजंतवानं राहतं. नसबंदी झालेली असेल तर बरं. माजावर असलेली कुत्री कामाला न्यायचीच नाही.

स्वभावाची परीक्षा घरात घेऊ नका, घरात सगळीच कुत्री गुणी असतात. सोसायटीच्या गेटपाशी, रविवारी सकाळी, अनोळखी माणूस कुत्र्याजवळ येतो तेव्हा बघा. ते स्वतःहून पुढे जातं का? गेल्यावर चारही पाय जमिनीवर ठेवतं का? कुणाच्या हातातला स्टीलचा डबा पडला तर दचकेल, दचकायलाच हवं. पण पुढच्या काही क्षणांत सावरून पुन्हा माणसाकडे बघतं का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. न दचकणारं कुत्रं कुणाकडेच नसतं, लवकर सावरणारं हवं.

ज्याला लोक नुसतेच सोसावे लागतात अशा कुत्र्याला या कामात ओढू नका. मुकाट बसणारं कुत्रं आणि आनंदाने बसणारं कुत्रं यांत फरक असतो, आणि तो शेपटीपेक्षा तोंडावर दिसतो. खुशीत असलं की तोंड सैल, किंचित उघडं असतं. नुसतं सोसत असलं की ओठ घट्ट मिटलेले.

दुसरी पायरी: डॉक्टर आणि स्वच्छता

रेबीजची लस दर वर्षी, बाकीच्या लशी डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे, जंतांचं औषध वेळच्या वेळी. गोचीड आणि पिसवा यांचा पावसाळ्यात विशेष त्रास, त्यामुळे जूनच्या आधीच डॉक्टरांना भेटा. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांना परदेशातल्या मोठ्या संस्था या कामात घेत नाहीत, कारण त्यातले जंतू लाळेतून आणि विष्ठेतून आजारी माणसापर्यंत पोचू शकतात. चिकन द्यायचं तर शिजवून द्या. भेटीच्या आदल्या दिवशी अंघोळ, नखं कापून घासलेली. म्हाताऱ्या माणसांची त्वचा कागदासारखी पातळ असते, नखाच्या एका ओरखड्याने रक्त येतं.

तिसरी पायरी: शिकवण

बस, थांब, सोड, चल, इतक्या आज्ञा पुरतात, पण त्या गर्दीत पाळता आल्या पाहिजेत. त्यातली "सोड" सोन्याची. वृद्धाश्रमात जमिनीवर पडलेली गोळी कुत्र्याने उचलली तर ती भेट तिथून थेट दवाखान्यात जाते.

वॉकर, व्हीलचेअर, काठी, कुबडी यांची ओळख घरीच करून द्या. शेजारच्या आजोबांची काठी मागून आणा, अंगणात ठेवा, कुत्र्याला हुंगू द्या, मग ती हातात घेऊन लंगडत चाला. आवाजांचंही तसंच. प्रेशर कुकर, मिक्सर, रुग्णवाहिकेचा भोंगा हे हळू आवाजात मोबाइलवर लावून, सोबत खाऊ देत देत वाढवत न्या. ढोल-ताशा आणि फटाके यांची सवय करायच्या भानगडीत पडू नका. गणपतीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत भेटी ठेवूच नका.

एक सराव बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे रडण्याचा. घरातल्या एखाद्याला चेहरा ओंजळीत घेऊन जमिनीवर बसायला सांगा, हुंदके द्यायला सांगा, मग अचानक आवाज चढवायला सांगा. काही कुत्री जवळ जातात, काही भुंकतात, काही पलंगाखाली जातात. पलंगाखाली जाणाऱ्या कुत्र्याचं काही चुकलेलं नाही. त्याला मुलांच्या वाचनवर्गात न्या, शोकात असलेल्या घरात नको.

चौथी पायरी: एकट्याने जायचं नाही

संस्थेशी जोडून घ्या. ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्था महाराष्ट्रात प्राण्यांच्या मदतीने चालणाऱ्या थेरपीचं काम करतात. तसं जमलं नाही तर ज्या ठिकाणी जायचंय तिथला समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हा तुमचा मुख्य माणूस. पहिल्या भेटीच्या आधी त्याच्याशी चार गोष्टी बोलून घ्या: कुणाला कुत्र्याची भीती किंवा ॲलर्जी आहे, कोण हात उगारू शकतं, मधेच बाहेर पडायचं तर दार कुठलं, आणि काही घडलं तर फोन कुणाला करायचा. लेखी परवानगी घ्या. अतिदक्षता विभाग, उघड्या जखमा असलेले रुग्ण, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण, यांच्याजवळ डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय जायचं नाही.

आणि बोलावल्याशिवाय कुठेही जायचं नाही. अपघात झाला, इमारत पडली, बातमी आली की गाडीत कुत्रं घालून निघावंसं वाटतं. तिथे त्या वेळी बचावपथकाला जागा हवी असते, तुमची लीश त्यांच्या पायात येते.

पाचवी पायरी: ओळख करून देण्याची रीत

इथे जरा थांबते, कारण सगळं इथेच जमतं किंवा बिघडतं.

दारातून थेट माणसाकडे जाऊ नका. चार-पाच पावलांवर थांबा, लीश आखूड धरा पण ताणू नका, कुत्र्याला बसवा. मग विचारा, "ही भुरी. तिला जवळ आणू का?" उत्तर नाही आलं तर ते "नाही"च समजा. मान हलली, हात पुढे आला, तर कुत्र्याला समोरून नाही, बाजूने न्या. समोरासमोर आलेला चेहरा घाबरलेल्या माणसाला फार जवळचा वाटतो, आणि कुत्र्यालाही. कुत्रं माणसाच्या गुडघ्याशी आडवं उभं राहील असं बघा, म्हणजे हात आपोआप पाठीवर पडतो. डोक्यावरून थोपटायला जाणाऱ्यांना हळूच सांगा, "तिला कानामागे आवडतं."

आपल्याकडे "चावत नाही ना?" हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. भटक्या कुत्र्याने चावा घेतल्यावर इंजेक्शनं घेतलेली माणसं घरोघरी आहेत. "अहो, काही नाही करत" म्हणून लीश सैल सोडणारा हँडलर, म्हणजे कुत्र्याला घेऊन आलेला माणूस, मला अजिबात आवडत नाही. मागे सरका, लांबून बघू द्या. काही घरांत कुत्र्याची लाळ लागली की धर्माच्या रिवाजाप्रमाणे हात धुवावे लागतात, कपडे बदलावे लागतात. आधी विचारा आणि सोबत चादर ठेवा. उलट वृद्धाश्रमात एखाद्या आजी भुरीला बघून हात जोडतात. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबरही कुत्रा असतो, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ही काही साधी पाहुणी नसते. त्या नमस्काराला हसू नये. त्यांनी पुढे केलेला पेढा मात्र कुत्र्याच्या तोंडात जाऊ देऊ नये.

सहावी पायरी: माणूस कोसळलेला असताना

समजा, सदाशिव पेठेतली अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेचा निकाल लागलाय, आणि समुपदेशकाने तुम्हाला बोलावलंय. एक मुलगा जिन्यात बसलाय. श्वास भरभर, हात थरथरतायत.

कुत्रं घेऊन लगेच पुढे होऊ नका. समुपदेशक आधी बघेल की तो मुलगा सुरक्षित आहे का, त्याला दवाखान्याची गरज आहे का. छातीत दुखतंय, शुद्ध हरपतेय, असं काही असेल तर रुग्णवाहिका. कुत्र्याचं काम नाही. इशारा मिळाला की जा, आणि त्याच्या एक पायरी खाली बसा. उभं राहून बोलू नका. वर जायची वाट मोकळी ठेवा, कोंडल्यासारखं वाटता कामा नये.

मग जवळजवळ काहीच बोलू नका. "रडू नकोस", "पुढच्या वेळी होईल", "किती जणांना हीसुद्धा संधी मिळत नाही", हे सगळं घरून मिळणारच आहे. "हिचं नाव भुरी. वय चार. झोपायला आवडतं," एवढं बास. हात कुत्र्याच्या पाठीवर गेला तर, "ती किती हळू श्वास घेतेय बघ," इतकं म्हणता येतं. त्या लयीत त्याचा श्वास आला तर आला, शिकवायला जाऊ नका.

बऱ्याचदा माणूस तुमच्याशी न बोलता कुत्र्याशी बोलायला लागतो. एका मुलाने भुरीच्या कानापाशी वाकून विचारलं होतं, "तुला पण विचारतात का गं घरचे, पुढे काय म्हणून?" अशा वेळी उत्तर द्यायला तोंड उघडायचं नाही, कौतुकाने हसायचं नाही, लीशच्या गाठीकडे बघत बसायचं. प्रश्न तुम्हाला नव्हता.

पण बोलण्यात "आता जगण्यात अर्थ नाही", "सगळं संपवून टाकावंसं वाटतं" असं काही आलं, तर ते कुत्र्याला सांगितलेलं गुपित म्हणून सोडून द्यायचं नाही. त्याला एकटं सोडू नका, समुपदेशकाला तिथेच बोलवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. त्याऐवजी, "हे एकट्याने पेलायचं नाही, मी सरांना बोलावते," असं स्पष्ट सांगा. टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तातडीचा धोका असेल तर ११२. हे दोन्ही नंबर मोबाइलमध्ये असतातच, पण मी ते लीशच्या पाकिटात कागदावरही ठेवते.

कुणी कुत्र्याला घट्ट मिठी मारून सोडेनासं झालं तर ओढाताण करू नका. कुत्र्याच्या छातीखाली आपला हात घाला, म्हणजे त्याला आधार मिळेल, आणि माणसाला काहीतरी काम द्या: "जरा हा ब्रश धरता का?" हात ब्रशकडे जातो, मिठी सुटते. म्हणून ब्रश नेहमी पिशवीत असावा.

शोक असलेल्या घरात तेराव्याच्या आत बोलावणं आलं तर घरातल्या मोठ्या माणसाची परवानगी वेगळी घ्या, नुसती बोलावणाऱ्या मुलाची नको. तिथे दहा मिनिटं पुष्कळ झाली.

सातवी पायरी: कुत्रं काय सांगतंय

झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना ओठांवरून फिरणारी जीभ, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग, मान वळवून घेणं, ओलं नसताना अंग झटकणं. यातली एखादी खूण एकदा दिसली तर लक्ष ठेवा, दोन-तीन खुणा एकापाठोपाठ आल्या तर उठा. गुरगुरण्याची वाट बघणारा हँडलर फार उशिरा जागा होतो. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला रागावू मात्र नका, नाहीतर ते सूचना देणंच बंद करतं.

निघण्यासाठी एक ठरलेलं वाक्य असावं. "भुरीला आता पाणी प्यायचंय" हे माझं. कुणाला आपल्यामुळे कुत्रं कंटाळलं असं वाटत नाही, आणि बाहेर पडायला कारण मिळतं. परदेशातल्या संस्था दिवसाला दोन तासांची कमाल मर्यादा सांगतात. माझ्या मते आपल्या हवेत साध्या भेटीला पाऊण तास खूप आहे, आणि कोसळलेल्या माणसांबरोबर त्याच्या निम्मा. त्या दिवशी दुसरी भेट नाही.

चुकून दात किंवा नख लागलंच तर भेट तिथेच थांबवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरकडे जायचं, कुत्र्याची लस झालेली असली तरीही. संस्थेला त्याच दिवशी लेखी कळवा.

घरी आल्यावर

कुत्र्याला फिरवून आणा, मोकळं हुंगू द्या, मग झोपू द्या. त्या संध्याकाळी पाहुणे बोलावू नका. तुम्ही स्वतः ऐकलेलं कुणाकडे तरी उतरवून ठेवा, पण नाव-गाव न सांगता, आणि शक्यतो त्या समुपदेशकाकडेच. फोटो काढायचे नाहीत. माणसाने स्वतः आग्रह केला तरी त्या अवस्थेत दिलेली परवानगी खरी मानायची नाही. फार तर कुत्र्याचा एकट्याचा फोटो काढा.

पुढच्या भेटीच्या दिवशी हार्नेस हातात घेतल्यावर कुत्रं काय करतं ते बघा. धावत आलं तर चला. कोपऱ्यात जाऊन बसलं तर त्या दिवशी फोन करून नाही म्हणा. लागोपाठ तसंच झालं तर आधी डॉक्टरांना दाखवा, कारण सांधेदुखी किंवा दातदुखी असंच रूप घेऊन येते. दुखणं निघालं नाही, तर कुत्र्याने राजीनामा दिलाय असं समजा आणि स्वीकारा.

सुरुवातीला पंधरवड्यातून एक भेट पुरे. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर कुत्र्यालाही चालवणार नाही. त्या दोन महिन्यांत एकतर सकाळी आठच्या आत भेट उरका किंवा सरळ सुट्टी घ्या. मार्चमध्येच तसं सांगून ठेवलं की संस्थांची अडचण होत नाही.